इंजिन गार ठेवा

मूस मेलं नाही.
पुढच्या पायांवर उठलं, अंगावरच्या काचा झटकल्या
आणि झाडीत निघून गेलं,
जणू मीच त्याच्या वाटेत आडवी आले होते.
गाडी उठली नाही.

विम्याचा रॅनी आला, टॉर्च मारून वाकून बघितलं,
कागदावर एकच शब्द लिहिला : भंगार.
चौदा वर्षं. चार लाख बारा हजार किलोमीटर.
केप ब्रेटनच्या चर्चांमधले, शाळांमधले, दारूच्या गुत्त्यांमधले पियानो
सुरात राहिले
ते त्या हिरव्या डिझेलच्या जिवावर.
रॅनी म्हणाला, बावीसशे डॉलर. तेही ओढूनताणून.

बावीसशेत काय येतं?
सिडनीच्या शोरूममधला पोरगा म्हणाला, डिझेल आता कोण घेतं, मॅडम?
मी म्हटलं, मीट कोव्हला जाऊन ये एकदा जानेवारीत,
मग सांग.

मग तीन आठवडे फोन.
प्रत्येकाला एकच विनंती :
मी येईपर्यंत इंजिन गार ठेवा.
गार इंजिन खोटं बोलत नाही.
पहाटे, दात वाजत असताना, पहिल्या झटक्याला
ते जे बोलतं, तेच खरं.

बॅडेकला एक चांदीसारखी, धुऊन पुसून उभी.
मी बॉनेटवर हात ठेवला. ऊन.
मालक म्हणाला, आत्ताच दुकानात जाऊन आलो.
कपड्यावर चिखलाचा थेंब नाही, हातात पिशवी नाही.
खाली आडवी झाले, स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचलं,
स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.
वरून कीर्तन, आतून तमाशा.
बर्फावर टाकलेलं मीठ चॅसी खाऊन ढेकर देत होतं.

एक इन्व्हरनेसची. तिसरा सिलेंडर
बाकीच्यांच्या किंचित मागून बोलायचा,
ऑर्गन वाजून गेल्यावर
आमेन म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
मला तो आवडलाही.
पण आवडण्याला बावीसशे डॉलर नव्हते माझ्याकडे.

शेतिकाम्पला अल्सीद ओक्वाँ, लॉबस्टरवाला,
हात मिठाने फुटलेले, इंग्रजी मोजकी.
रात्रभर गाडी बाहेरच ठेवली, म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणून.
बॉनेटवर दव गोठलेलं.
किल्ली अर्धी फिरवली. पिवळं वेटोळं लागलं.
थांबले.
या थांबण्याची किती सवय होती मला, ते तेव्हा कळलं.
वेटोळं विझलं. मी किल्ली पुढे ढकलली
आणि ती खोकली, एकदा,
मग चारी सिलेंडर एका ओळीत बसले,
खालचा सा, थोडा खरखरीत, पण जागेवर.

उतरून मागे आले.
गाडी राखाडी. मागचं डावं दार हिरवं.
मला हिरवं म्हणजे काय ते माहीत होतं,
तरी चौकटीच्या कडेला बोट फिरवलं.
तिथे लाल फेल्टची पट्टी, सरसाने डकवलेली,
पियानोच्या हातोडीखालची.
सात वर्षांपूर्वी, दार खडखडतं म्हणून,
मार्गारीच्या पुलाच्या अलीकडे, पावसात बसून
मीच डकवली होती.

दार कुठून आणलंत?
भंगारवाल्याकडून, गेल्याच महिन्यात, अल्सीद म्हणाला.
जुनं सडलेलं. हे बरं निघालं.
ते लाल कापड कशासाठी, देव जाणे,
पण दार वाजत नाही, म्हणून काढलं नाही.

मी काही बोलले नाही.
वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं त्या बाजूला, सगळ्यांनाच येतं.
चोवीसशे मागत होता.
मी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली,
जीभ टाळ्याला लावून च्यक केलं, आणि म्हटलं,
दाराचा रंग जुळत नाही हो.
दोनशे कमी करा.